रिकाम्या पोर्टचा दिवा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. माझा सगळा भरवसा टेस्टरवर. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर राग नाही… मीही हसलो असतो.

साल अठ्ठ्याण्णव. साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत मी नेटवर्किंगचं काम करायचो. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात — नाव सांगत नाही — ऑफिसातले कॉम्प्युटर आणि उसाच्या गाड्या वजन होतात तो काटा एकमेकांना जोडायचा होता. मधे एक स्विच, त्यात मॉड्यूल बसवायची, मॉड्यूलवर वायरी खोचायला पोर्ट. प्रत्येक पोर्टशेजारी बारीक हिरवा दिवा. वायरीच्या दोन्ही टोकांना चालू मशीन असेल तरच तो लागतो, एरवी नाही. वायर शंभर मीटरच्या आत पाहिजे, म्हणून आम्ही ती मळीच्या टाकीजवळून, जमिनीखालच्या पाइपातून, जवळच्या वाटेनं न्यायची ठरवली.

सोबत जयवंतअण्णा होते. कोरेगावचे, फौजेतून रिटायर झालेले, मला थोरल्या भावासारखे. पण टिंगल करायला लागले की कॉलेजातली पोरं बरी.

त्या दिवशी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम होता. अख्खा कारखाना पूजेला गेलेला, स्पीकरवर भाषणं चाललेली. अण्णा म्हणाले, पाया तरी पडून ये. मी म्हटलं, आधी काम. “तू लय शाना हाईस गड्या,” असं म्हणून ते वायर ओढायला गेले.

स्विचच्या खोलीत मी एकटा. काट्याची वायर माझ्या बाजूनं पोर्टमध्ये खोचलेली. दुसरं टोक अण्णांच्या हातात, नुसतं कापलेलं, त्याला जॅकसुद्धा नाही. काट्यावरचा कॉम्प्युटर तर अजून आलाच नव्हता.

आणि त्या पोर्टचा दिवा लागला. नुसता लागला नाही, लुकलुकायला लागला… पलीकडून कुणी काहीतरी पाठवत असलं की लुकलुकतो, तसा. मॉड्यूल खराब आलंय म्हणून मी चार शिव्या घातल्या आणि वायर उपटली.

दिवा तसाच. वायर माझ्या हातात, पोर्ट रिकामं, आणि दिवा लुकलुकतोय.

खरं सांगतो, मी घाबरून पळालो. अण्णांना आणून दाखवायचं, ते खो खो हसतील आणि आपल्याला बरं वाटेल, एवढंच डोक्यात होतं.

टाकीजवळ वायरीचा पाइप जिथं उघडतो, त्या चेंबरचं झाकण उघडं होतं. बाहेर अण्णांच्या चपला. आत छातीइतका खड्डा, आणि त्यात अण्णा दुमडून पडलेले, मान छातीवर. हाका मारल्या, पण स्पीकरपुढे माझी हाक मलाच ऐकू येईना. मंडपातून दोघा कामगारांना ओढत आणलं. मी आत उडी टाकणार, तर एकानं धरलं. “उतरू नगा, मळीचा गॅस हाय.” दोघांनी वरूनच पालथं पडून, काखेत हात घालून अण्णांना बाहेर काढलं. चेहरा काळानिळा पडलेला. किती वेळानं छाती हलली ते मला सांगता येणार नाही… हलली, आणि मी लहान पोरासारखा रडलो.

संध्याकाळी खोलीत गेलो तेव्हा दिवा विझलेला होता. मॉड्यूल तपासायला पाठवलं. काही दोष नाही म्हणून परत आलं. मी अजून याच धंद्यात आहे. हजारो पोर्ट पाहिली, जाणकारांना विचारलं. कुणी म्हणतं शॉर्ट असेल, कुणी म्हणतं तुला भास झाला. असेलही बुवा. पण त्या दिव्यापुढे माझे हात आजही जोडले जातात.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर हाती लागले नसते. अण्णांची बायको माझा हात सोडेना. “भावजी, तुमाला कसं कळलं वो, ह्ये आत पडल्यात?”

मला कळलंच नव्हतं, वहिनी. ज्याला कळलं होतं तो कोण, ते मला आजही माहीत नाही.