रिकाम्या सतरंजीला संथा
आकाशकंदिलासाठी मैद्याची खळ शिजवायला घेतली, की त्या वासाबरोबर काशीतलं आमचं रामघाटावरचं घर आणि नव्वदच्या दशकातली एक रविवारची दुपार आठवते. टीव्हीवर जुन्या जपानमधली मालिका चालू होती; एक सामुराई दोन्ही तलवारी मागे ठेवून, ताठ बसून, छत्र्यांना खळीने कागद चिकटवत होता. शेजारचे इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "सरदाराचं घराणंच खालसा झालं, की पदरचे लोक असे उघड्यावर पडायचे." वडिलांनी विचारलं, "मग ह्याला पुढे दुसरा मालक मिळतो ना?" "कुठला, गुरुजी! लढायाच संपल्या होत्या. बहुतेकांना नाहीच मिळाला." वडील उठून गेले. एका संस्थानिकाच्या देणगीवर चालणारी त्यांची वेदपाठशाळा बंद पडली होती. शेवटचा विद्यार्थीही साडीच्या दुकानात लागला होता. चहाला बोलवायला मी पाठशाळेत गेले, तर ते रिकाम्या सतरंजीसमोर संथा देत बसले होते. एक ओळ म्हणायची, शिष्यांनी ती दोनदा म्हणावी एवढा वेळ थांबायचं, मग पुढची ओळ. लहानपणापासून ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ होतं. पण मुलीच्या तोंडून वेद त्यांना चालला नसता, म्हणून मी दारातच गप्प उभी राहिले. आता ते नाहीत. खळ ढवळताना मी त्या दुपारी दारातून ऐकलेली ओळ दोनदा म्हणते, आणि पुढची ओळ द्यायला कोणी नसतं.