पांढऱ्या उंदरांची पेटी

साठच्या सुमाराची गोष्ट, मी दहा वर्षांची असेन. आम्ही पुसदला राहायचो. बाबा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. एका मास्तरांची बदली झाली, तेव्हा त्यांनी पाळलेली पांढऱ्या उंदरांची जोडी बाबांनी माझ्यासाठी घरी आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "नर वेगळा ठेव, पोरी."

मी दुसरी पेटी काढली, तर आत्या आडवी आली. "जोडा फोडू नाई, माय. पाप लागते." आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आलेली. जोडा फोडण्याच्या गोष्टीवर तिच्यापुढे कोण बोलणार? वर तिनं पेटीत घरचा नवा कापूस अंथरला. आमच्या मुलखात लाडाच्या जिवाला कापूसच घालायचा, दुसरं काय सुचणार!

पावसाळा सरेस्तोवर पेटीत तिळाएवढी जागा उरली नाही. पिल्लांच्या पायांना कापसाचे तंतू आवळलेले, अंगावर एकमेकांचे चावे, नाकातून लाल पाणी. कापसाची धूळ छातीत जाऊन त्यांची घरघर ओसरीपर्यंत ऐकू यायची. झाकण उघडलं की मला रडूच फुटायचं.

बाबांनी डॉक्टरांना घरी आणलं. ते आत्यावर भडकलेच. "बाई, पाप हे आहे! ज्यांना श्वास घेववत नाही त्यांना औषध देऊन निजवतो. बाकीचे नर-मादी वेगळे करा. कापूस फेका, गवत घाला."

निजवायच्यात माझा पहिला नरही निघाला. मी आत्यावर धावून गेले. "तुनं तुह्या नवऱ्याले खाल्लं, आता माह्या उंदरालेबी खाल्लं!" शेजारणी कुजबुजायच्या, तेच मी तोंडावर बोलले. आग लागो माझ्या जिभेला.

आत्या पेटीपाशी बसली. एकेक आजारी उंदीर पदरात घेई, पाठीवरून बोट फिरवी आणि डॉक्टरांच्या हाती देई. माझा नर तिनं सगळ्यात शेवटी दिला. मग उरलेले उंदीर दोन पेट्यांत वाटले, वाळलं गवत पसरलं. त्याची जुनी मादी वाचली होती. ती नव्या पेटीच्या चारी कोपऱ्यांत त्याला हुंगत फिरत होती.

आत्यानं तिला उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं.

"हिले काई म्हनू नोको, बाई," ती म्हणाली. "हिनं नवरा नाई खाल्ला. त्याले दुखनंच तसं होतं."