करंजवाडीचे अकरा थांबे

करंजवाडी हे गाव कंधारच्या रस्त्याला लांबच लांब चिकटलेलं. एका किलोमीटरात एसटी अकरा वेळा थांबायची. कागदावर थांबा एकच होता. बाकीचे दहा लोकांच्या दारात होते.

प्रियदर्शनी कंडक्टरला ती दारं पाठ होती. ती याच गाडीनं शिकली आणि आता याच गाडीची घंटी वाजवत होती.

एका सोमवारी डेपो मॅनेजरनं तिला आणि ड्रायव्हर नरसिंगला बोलावलं. साहेब बोलायचेच टाईप केल्यासारखं. "सदर फेरीची सरासरी लिटरला चार पॉइंट एक किलोमीटर. डेपोची चार पॉइंट आठ. महिनाअखेर तेवढी न झाल्यास सदर फेरी बंद."

"साहेब, घडी घडी उभी करून उचलायची म्हणल्यावर गाडी तहानल्या म्हशीवाणी डिझेल पिऊन राहिली," नरसिंग म्हणाला.

"म्हैस अहवालात लिहिता येत नाही."

या गाडीनं एकोणीस मुली कॉलेजला जायच्या. प्रियदर्शनी बारावीला असताना ही फेरी दोन महिने बंद पडली होती. फेरी परत सुरू झाली तेव्हा सहा मुलींपैकी ती एकटीच गाडीत चढली. बाकीच्या पाचजणींच्या लग्नाला ती जेवून आली होती.

सरपंच शेषेरावांच्या ओसरीवर बैठक भरली. गावात एकच थांबा, हे सगळ्यांना एकदम पटलं. मग कुणीतरी विचारलं, कुठं?

"मारुतीपाशी."

"म्हंजे वरच्या आळीच्या दारात."

"मग विहारापाशी करा."

"म्हंजे तुमच्या दारात."

"मी काय म्हणतो, डेअरीपाशी करा. मधोमध पडती," शेषेराव म्हणाले. डेअरी त्यांचीच होती.

दोनदा चहा झाला. ऐंशीच्या नागुबाई कोपऱ्यात पान कुटत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मसणवट्यापाशी करा की. तिथं कोणाचंच दार न्हाई."

कुणी हसलं नाही. गावाला मसणवटा तेवढा एकच होता, अगदी शिवेवर, रस्त्याला लागून. वर पत्र्याचं शेड, खाली बाकडं. मान कुणाचाच जात नव्हता. ठराव झाला.

दुसऱ्या दिवसापासून बायका बिनधास्त म्हणू लागल्या, "एक हाफ द्या, मसणवटा." नागुबाईंचं वय पंचाहत्तरच्या वर, म्हणून प्रवास फुकट. त्या नुसतं आधार कार्ड दाखवायच्या.

सरासरी चार पॉइंट सातवर आली. महिना संपायला तीन दिवस राहिले होते.

त्या दुपारी शेषेराव कंधारहून बियाण्याची तीस किलोची बॅग घेऊन चढले. मागच्या बाकावर त्यांची मुलगी आरती कॉलेजातून परत येत होती. मसणवट्यापाशी गाव उतरलं. शेषेराव बसूनच राहिले.

"बाई, गाडी तर माझ्या दारावरूनच जाणार हाय. जाता जाता जरा टेकवा."

उतरलेली माणसं खिडक्यांपाशी थांबली. सगळे तिच्या घंटीच्या दोरीकडं बघत होते.

"सरपंचसाहेब, आज तुमच्या दारात, उद्या सगळ्यांच्या. परवा गाडीच न्हाई."

"एकदाच म्हणलो की. ओझं हाय."

"हाव. ओझं सगळ्यांनाच हाय."

तिनं दोरीला हात लावला नाही. नरसिंगनं इंजिन बंद केलं.

"का रे, बंद केली?"

"डिझेल वाचवून राहिलो, साहेब. तुमचं ठरू द्या निवांत."

आरती मागून आली आणि बॅगेचं एक टोक उचललं. "अण्णा, दुसरं टोक धरा. माझी गाडी घालवता का?"

शेषेरावांनी टोक धरलं.

गाडी त्यांच्या बाजूनं पुढं गेली. पहिल्या दारात निवृत्ती उभा होता. "सरपंच, न्हाई थांबली का?"

"मीच नको म्हणलो."

चौथ्या दारात ते बॅग टेकवून म्हणाले, "डिझेलचा सवाल हाय. सरपंचानंच न्हाई पाळलं तर कसं?" आठव्या दारात त्यांनी, आपण कंडक्टरबाईला कसं दटावलं, तेही सांगितलं. आरतीनं बॅगेचं टोक पुन्हा उचललं.

एक तारखेला साहेबांचं पत्र आलं. "सरासरी चार पॉइंट आठ. सदर फेरी चालू ठेवण्यात येत आहे." शेषेरावांनी त्याची झेरॉक्स डेअरीत लावली आणि खाली स्वतःचं नाव, सौजन्य म्हणून.

आरतीनं ती सकाळी वाचली आणि सहा चाळीसच्या गाडीसाठी मसणवट्याकडं निघाली.