निबंधातला बाप
गुलाबाच्या रूम फ्रेशनरचा वास आला की मी अजूनही खोलीबाहेर पडते. परदेशी प्रवेश करून देणाऱ्या वर्ध्यातल्या एका एजंटच्या एसी ऑफिसात तोच वास होता. कॅनडाच्या विद्यापीठात कृषी शाखेच्या प्रवेशासाठी स्वतःविषयी निबंध लागत होता. "मार्क चांगले आहेत, पण निबंधात दुःख पाहिजे," तो हसत म्हणाला. "वडील दारू पिऊन मारतात, असं लिहू." कधी सुपारीही न खाल्लेले बाबा शेजारीच बसले होते. खाली बघत म्हणाले, "लिव्ह बाई, तुयं काम होत असन तं लिव्ह." मला त्या एजंटची शिसारी आली. बाबांना उठवून मी बाहेर आणलं. निबंध मीच लिहिला, आमची वांग्याची झाडं उभ्यानं वाळवणाऱ्या मर रोगाविषयी. प्रवेश मिळाला, तेव्हा बाबांनी हळूच विचारलं, "लिवलं ना मले दारुडा?" मी नाही म्हटलं. आज कॅनडात बसूनही वाटतं, त्यांना माझं ते 'नाही' खरं वाटलं नसावं.