हिम्मतरावांची एकादशीची साखर

सुलतान बाजारात साडीला ब्लाउजपीस जुळवून द्यावा तर आमच्या हिम्मतरावांनीच. बाईने पायरीवरूनच साडीची घडी दाखवावी, यांनी ठाणांच्या ढिगातून नेमका रंग ओढावा. मोरपंखी आणि रामा या जवळजवळच्या हिरव्या-निळ्या रंगांत त्यांची कधी गफलत झाली नाही. एवढं निरखून इंदुताईंच्या, म्हणजे बायकोच्या, तोंडाकडे कधी पाहिलं असतं तर... जाऊ द्या.

देशाचा बाजार खुला झाला त्या वर्षांत, ते नोकरीला होते त्या दुकानाला काचेचं दार आलं, थंडाच्या बाटल्यांचा फ्रिज आला. गिऱ्हाइकाने नको म्हटलेली बाटली हिम्मतराव संपवत. त्याच सुमाराला त्यांना साखर निघाली.

अंबरपेठेतल्या डॉक्टर वैशालीबाईंनी बजावलं, "एकदा उपाशीपोटी, एकदा जेवून दोन तासांनी. दोन्ही वेळा रक्त द्या."

हिम्मतराव जात, पण नेमके द्वादशीच्या सकाळी. आदल्या दिवशी एकादशी, नुसत्या पाण्यावर. साखर यायची अठ्ठ्याण्णव. "पास!" म्हणत स्वारी थेट जिलबीच्या दुकानात. दुसऱ्यांदा रक्त द्यायला थांबतंय कोण?

मी शेजारी, चिडवायचो, "रावसाहेब, ही एकादशीची साखर. तुमची कुठाय?"

"तुझ्या पोटात कैकू दुखतं? नॉर्मल आहे ना!"

एकदा इंदुताईंनी हट्टाने जेवणानंतरचं रक्त द्यायला लावलं. दोनशे नव्वद! वैशालीबाई म्हणाल्या, "एकशेचाळीसच्या आत हवी. उपाशीपोटची साखर अर्धंच सांगते, काका. आधी डोळे तपासून घ्या."

"त्यांचं मशीन बिघडलंय," हिम्मतराव घरी येऊन म्हणाले, आणि पुढच्या द्वादशीला पुन्हा अठ्ठ्याण्णव आणून दाखवली.

मग गिऱ्हाइकं पीस परत आणू लागली. मालकाने त्यांना घड्या घालायला बसवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा आत रक्त उतरलेलं. "उशीर झाला," एवढंच ते बोलले.

त्यांच्या धाकट्या लेकीचं, राणीचं, लग्न ठरलं. तिची रामा रंगाची साडी घेऊन इंदुताई दुकानात आल्या, मी सोबत होतो. हिम्मतराव हट्टाने उठले, साडी डोळ्यांशी नेली, ठाणं चाचपून एक पीस काढला.

"रामाच आहे ना?"

पीस राखाडी होता. इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हौ. अगदी तोच."

लग्नात राणी त्याच ब्लाउजात उभी राहिली. मागे बायका कुजबुजत होत्या. पुढे हिम्मतराव मला कोपराने ढोसून म्हणाले, "बघ, कसा एकजीव झालाय रंग!"