पंधरा दिवसांत होईल

सांगलीत एका इंजिनियरच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन आहे. लोकांच्या घरांचे नकाशे काढायचे, बांधकाम परवान्यासाठी फाईल दाखल करायची आणि वाट बघायची. त्या वाट बघण्यातच किस्से साठत जातात. पूर्वी चहा पिता पिता ते हसत सांगायचो. हल्ली सांगताना मधेच अडखळतो.

*

परवाना कधी मिळेल असं कुणी विचारलं, की आमचं ठरलेलं उत्तर, "पंधरा दिवसांत होईल." साहेबांचीच शिकवण. "महिना म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आठवडा म्हटलं की रोज येऊन बसतं!"

कवठे महांकाळचे एक आबा दर पंधरा दिवसांनी एसटीनं यायचे. दहाव्या खेपेला त्यांनी पिशवीतून चार डाळिंबं काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "खावा. पयल्यांदा आलो तवा झाडाला फूल हुतं."

*

मिरजेच्या एक रिटायर्ड बाई घर विकून लेकीकडं पुण्याला निघाल्या होत्या. घेणाऱ्याची बँक वरच्या मजल्याचा भोगवटा दाखला मागत होती. मी म्हटलं, पंधरा दिवस. बाईंनी सगळं घर खोक्यांत भरलं.

पुढं आठ महिने रोज सकाळी खोक्यातून तवा काढायचा, पोळ्या झाल्या की परत आत ठेवायचा. शेवटी घेणारा कंटाळला आणि त्यानं दुसरीकडं घर घेतलं. ते सांगायला मीच गेलो. बाई रागावल्या नाहीत. "बरं झालं," म्हणाल्या, "आता तवा तरी बाहेर राहील." आणि मला पोळी खाऊनच जायला लावलं.

*

एका नकाशावर मी उत्तर दिशेचा बाण उलटा काढला. दोन महिन्यांनी त्रुटी काढून फाईल परत आली. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली, पण फाईल पुन्हा रांगेत शेवटी गेली. तो बाण मला अजून टोचतो, कारण ती फाईल सुभेदारांची होती.

*

सुभेदार मेढ्याकडचे. त्यांच्या बायकोचे, म्हणजे काकूंचे, उपचार मिरजेत चालू होते, म्हणून त्यांनी इथं प्लॉट घेतला. "पंधरा दिवस ना? मग ठरलं," म्हणाले आणि गावाकडचं घर विकून भाड्याच्या खोलीत आले. पलटणीत कुणी दिवस सांगितला की तो दिवस पक्का, अशी त्यांची सवय. मी त्यांना थांबवायला हवं होतं.

भूमिपूजनाला माझ्या नकाशाप्रमाणे जमिनीवर पांढरी फक्की मारली होती. हॉल, खोली, स्वयंपाकघर. रेघा पुसट झाल्या की सुभेदार दर रविवारी नव्यानं मारायचे. काकू रेघेबाहेर चपला काढायच्या, दारासाठी सोडलेल्या जागेतून आत यायच्या आणि स्वयंपाकघरात बसून डबा उघडायच्या.

एकदा मी सरळ रेघ ओलांडून आत गेलो. काकू म्हणाल्या, "आवं, भिंतीतनं कुठं येताय? दार तिकडं हाय." तिघंही खूप हसलो.

काकू गेल्या, त्यानंतर दीड महिन्यानं परवाना आला.

कागद घेऊन मी प्लॉटवर गेलो. रविवार होता. फक्की ताजी होती. सुभेदार स्वयंपाकघरात बसले होते, समोर डबा उघडा. मला बघून म्हणाले, "या सायेब. जेवाय बसा."

रेघेबाहेर चपलांचे दोन जोड शेजारी शेजारी मांडले होते. मी माझ्या चपला त्यांच्या बाजूला काढल्या आणि दारातून आत गेलो.