सौद्याची कबुली

बूट काढ म्हणाले. मग मोजे. मग पँटीचे खिसे उलटे करून दाखव. सौदीत हुफूफ शहराजवळच्या कंपाउंडात, अमेरिकन मॅनेजरच्या हॉलमध्ये, त्याच्या बायकोसमोर मी अनवाणी उभा. तिचं सोन्याचं ब्रेसलेट सापडत नव्हतं. सकाळी बेडरूमचा एसी मी दुरुस्त केला होता. झालं! चोर ठरलो.

खिशातून टेस्टर आणि सुपारी निघाली.

तरी सोडेनात. आमच्या कंपनीचा इंजिनियर, पुण्याचा, दुभाषा म्हणून सोफ्यावर बसलेला. मला कुणी बस म्हटलं नाही. तो म्हणाला, "हे बघ, सर चांगले आहेत. तू फक्त मी घेतलं म्हण. पोलीस नाही, काही नाही. दुसऱ्या साइटवर पाठवतील. खलास."

"पण मी घेतलं नाही, साहेब."

मॅनेजर हसला. मग समजावू लागला, लहान पोराला समजावतात तसं. त्यांच्या देशात म्हणे कोर्टात खटला क्वचितच उभा राहतो. सरकारी वकील सौदा देतो, माणूस गुन्हा कबूल करतो, शिक्षा कमी होते. सगळ्यांचा वेळ वाचतो.

मी इंजिनियरला म्हटलं, "विचारा त्यांना, ज्यानं केलंच नाही तोही कबूल करतो?"

मॅनेजरनं खांदे उडवले. "समटाइम्स."

त्या एका शब्दानं माझ्या अंगाची लाही झाली. म्हणजे ह्याला ठाऊक आहे! न केलेलंही माणूस कबूल करतो हे ठाऊक असून हा मला तेच मागतोय.

मला माझा बापूस आठवला. आमची बौद्धवाडी गावाच्या टोकाला. देवस्थानाचे नारळ गेले, तेव्हा गावकीनं त्याला मांडवाबाहेर उभा केला. "कबूल कर, गाव पोटात घालील." बापूस घाबरला. हो म्हणाला. गावानं पोटात कसलं घातलंय? मरेपर्यंत त्याला नारळचोर म्हटलं. शाळेत मलाही. नारळ त्यानं घेतले नव्हते. आईला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं गावकीलाही ठाऊक होतं.

इंजिनियर हळूच म्हणाला, "अरे, हो म्हटल्यानं तुझं काय जातंय? पोलीस आले तर तुझं कोण आहे इथं?"

खरं होतं. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, कफिलाच्या, मला आणणाऱ्या मालकाच्या हाती; भाषा येत नाही. पण पोलिसांची भीती मला घालतात आणि बोलवत मात्र नाहीत? कुठंतरी पाणी मुरत होतं. मग ध्यानात आलं. किचनमागच्या खोलीचा एसीही मीच बघितला होता. तिथं द्राक्षाच्या रसाच्या झाकलेल्या बादल्या होत्या, आंबूस वास सुटलेला. या देशात दारू घरी सापडली की गोरा असो की काळा, सुटका नाही.

मी म्हटलं, "बोलवा पोलीस. अख्खं घर तपासू दे."

इंजिनियरनं ते इंग्रजीत सांगितलं. मॅनेजरचं तोंड उतरलं. बायको उठून आत गेली.

बादल्यांचं नाव मी काढलं नाही. काढलं असतं तर मीही सौदाच केला असता.

पोलीस आले नाहीत. बूट हातात घेऊन मी बाहेर पडलो, पायरीवर बसून घातले. गाडीत इंजिनियर म्हणाला, "मूर्ख आहेस. चांगलं मिटत होतं." तो माझ्या बाजूनं एक शब्द बोलला नव्हता.

आता कंपनीनं मला अल खर्जला टाकलंय, डेअरीच्या थंड खोल्यांच्या मशिनींवर. ब्रेसलेट मिळालं की नाही, कुणी सांगितलं नाही. चोर हे नाव मात्र माझ्याआधी इथं पोचलं. काम सुटताना फोरमन फक्त माझीच पिशवी उघडतो. उघडू दे. रोज उघडू दे.

खोटं 'हो' आमच्या घरात एकदाच निघालं, ते बापसाबरोबर जळलं. ज्याला मला चोर ठरवायचंय, त्यानं पुरावा आणावा. त्या कामात माझी मदत मिळणार नाही.